साखरेचा धंदा बुडाला म्हणून गुलाम सुटले काय?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या भल्या लोकांना अर्पण केला, हे आपल्या वस्तीत लहान पोरालाही ठाऊक आहे. परंतु त्याच्या आधी इंग्रजांच्या कॅरिबियन बेटांवर काय घडले, ते फारसे कुणी सांगत नाही. म्हणून आम्ही ते येथे थोडक्यात मांडत आहोत.

जमैका, बार्बाडोस ही बेटे म्हणजे उसाचे मळेच. आफ्रिकेतून माणसे धरून आणायची, बाजारात विकायची आणि मळ्यावर मरेपर्यंत राबवायची. ऊस तोडायचा, घाण्यात पिळायचा, हंगामात रात्रीसुद्धा कढईखालचा जाळ विझू द्यायचा नाही. बहुतेक बेटांवर जन्मापेक्षा मृत्यू जास्त. मग माणसे कमी पडली की पुन्हा नवे जहाज!

१८०७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने हा माणसांचा व्यापार कायद्याने बंद केला. तो का केला? विल्बरफोर्ससारख्या धर्मशील गृहस्थांच्या दयेमुळे, असे पुष्कळ वर्षे शिकवले गेले. त्रिनिदादचे एरिक विल्यम्स यांनी १९४४ साली आपल्या ग्रंथात वेगळेच सांगितले. पुढे हेच विल्यम्स आपल्या देशाचे पंतप्रधान झाले. त्यांचे म्हणणे असे की, अमेरिका स्वतंत्र झाल्यावर बेटांना मिळणारे स्वस्त धान्य आणि लाकूड तुटले, जमिनीचा कस गेला, साखर विकली जाईना. मळेवाल्यांचे वजन घटले, तेव्हा कायदा झाला.

१९७७ साली सेमूर ड्रेशर या इतिहासकाराने व्यापाराचे आकडे काढून उलट दाखवले. त्यांच्या मते १८०७ च्या सुमारास धंदा बुडालेला नव्हता, तो नंतर उतरणीला लागला. हा वाद अजून मिटलेला नाही.

पण नफ्यातोट्याच्या या हिशेबात गुलाम कुठे आहेत, असे आम्ही विचारतो. ऑगस्ट १७९१ मध्ये सां-दोमिंग या फ्रेंच वसाहतीत गुलामांनी बंड केले आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती हे स्वतंत्र राष्ट्र उभे केले. १८०७ चा कायदा झाला त्यानंतर. त्या कायद्याने व्यापार थांबला, गुलामी नव्हे. १८३१ च्या नाताळात जमैकात सॅम्युएल शार्प या गुलाम असलेल्या धर्मोपदेशकाने ‘मजुरी द्या, तरच काम’ असा बेत केला. त्यातून मोठा उठाव झाला. १८३२ साली शार्प फासावर गेला आणि १८३३ साली गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला.

त्यातही गंमत पाहा. भरपाईचे २ कोटी पौंड मिळाले मालकांना, गुलामांना एक छदाम नाही! उलट ‘उमेदवार’ म्हणून १८३८ पर्यंत त्यांना जुन्याच मालकाकडे राबावे लागले. आणि त्याच साली गयानाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारबद्ध मजुरांची पहिली जहाजे पोचली.

मालकाला तोटा झाला म्हणून बेडी आपोआप गळून पडत नाही. आमच्या तरुणांनी हा इतिहास मुळातून वाचावा, आणि कायदा कुणी केला एवढेच न विचारता तो करायला कुणी भाग पाडले, हेही विचारावे.