लीळाचरित्र : लिहिणारे आणि जपणारे

ज्या संगणकप्रणालीची मूळ आज्ञावली सर्वांना खुली असते आणि जी अनेकांच्या स्वेच्छाश्रमातून वाढते, तिला मुक्तस्रोत प्रणाली म्हणतात. अशा समूहांत आज्ञावली रचणारे पुष्कळ मिळतात, पण तिच्या वापराची माहिती कोणी लिहावी आणि पुढे ती कोणी सांभाळावी, हा प्रश्न बहुधा लोंबकळत राहतो. अनेकांच्या स्मरणात विखुरलेले ज्ञान लेखी कोणी आणावे, हा पेच मात्र संगणकाहून फार जुना असून, त्याचा एक विचारपूर्वक उलगडा तेराव्या शतकात वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे झाला.

महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्या पश्चात अनुयायी रिद्धपुरी स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सेवेत राहिले, आणि तेथेच इ. स. 1278 च्या सुमारास म्हाइंभट यांनी स्वामींच्या लीळा, म्हणजे त्यांच्या आयुष्यातील प्रसंग व संवाद, लिहून काढण्याचे काम हाती घेतले; हाच ग्रंथ लीळाचरित्र. म्हाइंभट संस्कृतचे पंडित होते, परंतु स्वामींचा दीर्घ सहवास त्यांना लाभलेला नव्हता. तो लाभलेले नागदेवाचार्य पंथाचे प्रमुख होते. लेखन प्रमुखाकडे न जाता उशिरा आलेल्या शिष्याकडे गेले, हे या कार्याचे मोठेच भाग्य म्हणावे लागेल, कारण ज्याने प्रसंग डोळ्यांनी पाहिलेला असतो त्याला त्यातले पुष्कळसे सांगण्याजोगे वाटत नाही, तर ज्याला ठाऊक नसते तो स्थळ, वेळ, कोण उपस्थित होते आणि कोण काय बोलले, हे सारे विचारून घेतो. म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांकडून आठवणी घेतल्या, इतर स्त्री-पुरुष शिष्यांकडे जाऊन त्या पडताळल्या, आणि जेथे आठवणी जुळल्या नाहीत तेथे कोणाचे म्हणणे काय, याचीही नोंद ठेवली.

ही नोंद कोणासाठी, याबाबत नागदेवाचार्यांची भूमिका स्पष्ट होती. लीळाचरित्रातील स्वामींची वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध करणारे केशोबास संस्कृतात लिहू पाहत असता, त्यामुळे पंथातील म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, असे सांगून आचार्यांनी त्यांना परावृत्त केल्याचे ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात नमूद आहे. पंडितांच्या सोयीपेक्षा या बायकांची गरज मोठी मानणे, हा त्या काळाच्या मानाने असाधारण निर्णय होता आणि तो सर्वस्वी योग्य होता.

जतनाचा इतिहास अधिक खडतर आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी खिलजीच्या सैन्याच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली आणि ग्रंथ स्मरणावरून पुन्हा सिद्ध करावा लागला, असे परंपरा सांगते. हिराइसा या शिष्येची स्मरणशक्ती या संदर्भात आदराने उल्लेखिली जाते. साहजिकच निरनिराळे पाठ प्रचलित झाले, आणि पंथीयांनी भिन्न पाठपरंपरांना ‘वासना’ हे नाव देऊन त्या पोथ्यांतून जपल्या, ही त्यांची प्रामाणिकता विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

पुढे ग्रंथांच्या रक्षणासाठी सकळ लिपी आणि इतर सांकेतिक लिप्या योजण्यात आल्या. सांकेतिक लिपी म्हणजे अक्षरांच्या जागी ठरावीक खुणा किंवा दुसरी अक्षरे वापरणारी लेखनपद्धती. संकटाच्या काळात हे संरक्षण समजण्याजोगे असले, तरी त्यामुळे पोथी वाचणे, तपासणे व दुरुस्त करणे हे मोजक्या जाणकारांपुरते उरले, आणि ज्या वाचकांसाठी नागदेवाचार्यांनी मराठीचा आग्रह धरला त्यांच्यापासूनच ग्रंथ दूर गेला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, नंतर ह. ना. नेने यांनी लीळाचरित्राचे संपादन केले, आणि 1978 मध्ये वि. भि. कोलते यांनी संपादिलेली आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली.

या साऱ्यावरून असे मत मांडता येते की लेखन जिज्ञासू नवागताने करावे, पडताळणी जाणत्यांनी करावी, आणि जतन समूहाने करावे; पण त्या जतनाला कुलूप नसावे. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. त्या विद्यापीठाने लीळाचरित्राचे उपलब्ध पाठ, प्रत्येकाच्या पोथीच्या निर्देशासह शेजारीशेजारी मांडून, सर्वांना वाचता व तपासता येतील असे खुले करावेत.