ख्रिस्ती पापनिवेदनाची पूर्वपीठिका

रोमन क्याथॉलिक पंथाच्या प्रत्येक मनुष्यानें वर्षांतून निदान एकदां आपलीं घोर पापें धर्मगुरूपुढें एकांतीं सांगावीं व त्याच्याकडून क्षमावचन घ्यावें, असा त्या पंथाचा नियम आहे. गोमंतकांत या विधीस 'कुमसार' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आलेला आहे. हा विधि किती जुना, याविषयीं सोळाव्या शतकापासून दोन पक्ष पडले आहेत. क्याल्विनाचें म्हणणें असें कीं, तिसऱ्या इनोसंट पोपाच्या पूर्वीं या बाबतींत सक्तीचा कायदा मुळींच नव्हता. उलट ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें इ. स. १५५१ मध्यें ठरविलें कीं, एकट्या धर्मगुरूजवळ गुप्तपणें पापें सांगण्याची रीत धर्मसंस्थेनें आरंभापासून पाळिली आहे. वाद धर्मशास्त्राचा असला तरी त्याचा एक भाग शुद्ध इतिहासाचा आहे, आणि त्याचा निर्णय जुन्या लेखांवरूनच झाला पाहिजे.

पहिला महत्त्वाचा लेख टर्टुलियनाचा. हा ग्रंथकार आफ्रिकेंतील कार्थेज नगरचा. त्याचा प्रायश्चित्तविषयक ग्रंथ इ. स. २०० नंतर थोड्याच वर्षांनीं झालेला आहे. बाप्तिस्म्यानंतर घोर पाप घडल्यास पाप्यानें भरड वस्त्र नेसावें, राखेंत बसावें, उपवास करावा, धर्मसेवकांच्या पायां पडावें आणि सर्व बंधुजनांस आपल्यासाठीं प्रार्थना करण्याची विनंति करावी, असें तो सांगतो. ही संधि आयुष्यांत एकदांच. पुष्कळ लोक लाजेस्तव हा विधि टाळतात, अशी तक्रारहि तो करतो. त्या काळीं हा मार्ग राजासहि चुकत नसे. थेसलनिका येथील कत्तलीबद्दल मिलानचा बिशप आंब्रोज यानें थिओडोसियस बादशहास दोष दिला, तेव्हां बादशहानें राजचिन्हें उतरून ठेवून इ. स. ३९० मध्यें सर्वांदेखत पश्चात्ताप केला.

दुसरा लेख पोप पहिला लिओ याचें इ. स. ४५९ चें पत्र होय. इटलींतील कांहीं प्रांतांत पाप्यांच्या पापांची लेखी यादी सभेंत वाचून दाखवीत असत. ती चाल लिओनें बंद केली व धर्मगुरूजवळ गुप्तपणें सांगितलें म्हणजे पुरे, अशी आज्ञा दिली. दोन्ही पक्षांनीं हें पत्र बारकाईनें वाचण्याजोगें आहे. पापाचें निवेदन गुप्त असे, हें त्यावरून सिद्ध होतें. परंतु प्रायश्चित्त मात्र अद्याप उघडच होतें. शिवाय तें एकदां घेतल्यावर विवाह, लष्करी नोकरी इत्यादिकांस जन्मभर प्रतिबंध होई. याचा परिणाम असा झाला कीं, लोक प्रायश्चित्त मरणकाळापर्यंत लांबणीवर टाकूं लागले.

ही अडचण आयर्लंडांतील मठवासी साधूंच्या रीतीनें दूर झाली. सहाव्या शतकापासून त्यांच्या प्रायश्चित्तविषयक पोथ्या आढळतात. फिनियनाची पोथी त्यांपैकीं एक. अमुक पापास इतके दिवस केवळ भाकरी व पाणी, अशा प्रकारचे कोष्टक त्यांत असते. निवेदन खाजगी, प्रायश्चित्तहि खाजगी आणि पाप घडेल तितक्या वेळां तें घेण्याची मुभा, हीं या रीतीचीं लक्षणें. इ. स. ५९० च्या सुमारास कोलंबानस साधूनें ती फ्रान्सच्या भूमींत नेली. जुन्या मताच्या लोकांस ती रुचली नाहीं. इ. स. ५८९ मध्यें स्पेनांत टोलेडोच्या परिषदेनें वारंवार क्षमा मागण्याच्या चालीचा कडक निषेध केला, व इ. स. ८२९ मध्यें पारीसच्या परिषदेनें या पोथ्या शोधून जाळाव्या असें फर्माविलें. तथापि जाळण्याचा हुकूम निघाला, यावरूनच त्यांचा प्रसार किती झाला होता हें दिसतें.

अखेर इ. स. १२१५ मध्यें इनोसंटानें भरविलेल्या चौथ्या लातेरान परिषदेनें जाणत्या वयाच्या प्रत्येक स्त्रीपुरुषास वार्षिक निवेदन आवश्यक केलें. निवेदन फोडणाऱ्या धर्मगुरूस पदच्युत करून जन्मभर मठांत प्रायश्चित्त भोगावयास लावावें, असेंहि तिनें ठरविलें.

तेव्हां दोन्ही पक्षांचें म्हणणें अंशतः खरें ठरतें. सार्वत्रिक सक्ति १२१५ ची, हें क्याल्विनाचें विधान टिकतें. परंतु कायदा नवा म्हणून आचारहि नवा, असें म्हणतां येत नाहीं. गुप्त निवेदनास लिओच्या पत्राचा आधार आहे. परंतु आजच्या विधींतील वारंवारता व खाजगी प्रायश्चित्त हीं आरंभापासूनचीं नव्हत. या स्थित्यंतरांत पाप्याची लाज वांचली व क्षमेचें दार पुनःपुन्हा उघडलें. मात्र त्याच्यासाठीं अश्रु ढाळणारी सभा मागें पडली. लाभ व हानि यांची नोंद इतिहासानें सारखीच ठेविली पाहिजे.

या विधीचा आमच्या भाषांशींहि संबंध आहे. दुभाषा मध्यें आला कीं निवेदन गुप्त राहत नाहीं. म्हणून पाद्र्यास लोकांची भाषा येणें अवश्य होतें. इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आलेल्या थॉमस स्टीफन्सनें मराठींत 'ख्रिस्तपुराण' रचिलें. त्याची कोंकणी प्रश्नोत्तरी १६२२ त व व्याकरण १६४० त, दोन्ही त्याच्या मृत्यूनंतर, राशोल येथें छापलीं गेलीं. धर्मप्रसार हा या ग्रंथांचा उघड हेतु होता. परंतु व्याकरणासारख्या ग्रंथाची गरज कां भासली, याचा विचार करतांना कुमसाराच्या त्या एकांताकडेहि अभ्यासकांनीं लक्ष द्यावें, असें आम्हांस वाटतें. इ. स. १६८४ मध्यें व्हाइसरॉयनें तीन वर्षांत देशी भाषा सोडण्याचा हुकूम काढला. पण मनुष्य आपलें पाप ज्या भाषेंत सांगतो ती भाषा हुकुमानें सुटत नाहीं, हें कोंकणीच्या पुढील इतिहासानें दाखविलें आहे.