भिडूस विचारून संपविण्याचा डाव

नाशिकरोडहून मुंबईकडे निघालेल्या आगगाडीच्या डब्यांत चार माणसें समोरासमोर बसलीं आणि मांडीवर एक बॅग आडवी ठेवली, कीं मेंढीकोटाचा फड जमतो. श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं तो पाहिला असेल, कित्येकांनीं त्यांत पानेंही पिसलीं असतील. मेंढी म्हणजे दश्शी. चारही दश्श्या एका पक्षाकडे गेल्या, कीं दुसऱ्यावर कोट होतो. या खेळांत भिडू हा अर्धा जीव.

रमीची गोष्ट निराळी. तेरा पानें हातीं आलीं कीं माणूस एकटा. शेजाऱ्यास काय हवें तें ओळखावयाचें, तें केवळ त्यास न देण्यासाठीं! सर्वोच्च न्यायालयानें 1968 सालीं रमी हा मुख्यत्वें कौशल्याचा खेळ ठरविला. परंतु तें कौशल्यही एकट्याचेंच.

रमीच्या कुळांत भिडूस मानाचें स्थान मिळालें तें दूर दक्षिण अमेरिकेंत. उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ येथें 1939 सालीं सेगुंदो सांतोस हे वकील व आल्बेर्तो सेर्रातो हे वास्तुशिल्पी यांनीं कनास्ता रचला, असें मानतात. स्पॅनिश भाषेंत कनास्ता म्हणजे टोपली. हा खेळ ब्वेनोस आइरेसवरून न्यूयॉर्कला पोंचला, आणि 1950 च्या सुमारास अमेरिकेस त्याचें वेडच लागलें.

दोन जोड व चार जोकर मिळून 108 पानें. चौघांस अकरा अकरा. जोकर व दुर्री दुसऱ्या पानाच्या जागीं चालतात. एकाच किंमतीचीं सात पानें जमलीं कीं टोपली भरली : निर्भेळ असल्यास 500 गुण, भेसळीची असल्यास 300. प्रथम 5000 गांठील तो पक्ष विजयी.

खरी मौज मात्र गुणांत नाहीं. मांडलेलीं पानें दोघांचीं असतात. एकानें आरंभिलेली टोपली दुसऱ्यानें पुरी करावी. शेवटचीं पानें लावण्यापूर्वीं खेळाडू भिडूस विचारूं शकतो, "डाव संपवूं का?" भिडूनें "हो" किंवा "नको" एवढेंच म्हणावयाचें, आणि तें उत्तर बंधनकारक. डाव हातांत आला असतांही "नको" ऐकून थांबावें लागतें. कारण भिडूच्या हातीं अडकलेलीं पानें दोघांच्या नांवें वजा होतात. मेंढीकोटांत डोळ्यानें खुणावणें ही लबाडी. येथें उघड विचारण्याची सोय नियमानेंच केलेली. विचारणें सक्तीचें नाहीं. उतावळा न विचारतांच डाव संपवितो, आणि भिडू घरचाच असेल तर रात्रीं जेवतांना ऐकून घेतो.

पुढें या खेळास फांटे फुटले. सांबांत तीन जोड, 162 पानें. एकाच रंगाचीं ओळीनें सात पानें लावल्यास 1500 गुण. म्हणजे रमीची जुनी ओळ परत आली. बोलिव्हियांत नुसत्या जोकर-दुर्रींचीही टोपली होते. हा जुगारी थाट फारसा रुचण्याजोगा नाहीं. इटलींतील बुराकोंत प्रत्येक पक्षासाठीं अकरा पानांची राखीव गड्डी असते. उत्तर अमेरिकेंतील 'हँड अँड फूट' या प्रकारांत प्रत्येकास दोन डाव मिळतात, एक 'हात' व एक 'पाय'. हात संपल्यावांचून पाय उचलावयाचा नाहीं. आणि तेथें बहुतेक घरांत भिडूच्या परवानगीवांचून डाव संपवितांच येत नाहीं.