फळमाशी व वृक्षायुर्वेद : एक छाननी

गेल्या पावसाळ्यांत नाशिक येथील आमच्या एका स्नेह्यांनीं आम्हांस एक टिपण पाहावयास दिलें. स्नेही जुन्या पोथ्यांचे जाणते संग्राहक आहेत. टिपणांतील प्रतिपादन असें होतें कीं, आंबा, पेरू इत्यादि फळांत अळ्या पाडणारी जी फळमाशी, तिचें पूर्ण ज्ञान आमच्या पूर्वजांस होतें. वृक्षायुर्वेदांतील 'कृमि' शब्दानें तीच विवक्षित आहे. व तेथील धूप आणि लेप हे तिच्यावरचेच उपाय होत. टिपण छापावयास पाठवावें कीं नाहीं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. स्नेह्यांचें मन मोडणें जिवावर येतें. परंतु निराधार विधान एकदां छापलें गेलें म्हणजे पुढील दहा लेखक त्यालाच आधार मानितात, हें वाचकांस सांगावयास नको. म्हणून या प्रश्नाची जी छाननी आम्हीं केली ती येथें सादर करीत आहों.

प्रथम वस्तु कोणती तें ठरविलें पाहिजे. फळमाशी ही घरांतील माशीएवढी, तपकिरी-पिवळसर, पारदर्शक पंखांची असते. मादी आपल्या पोटाच्या टोंकाशीं असलेल्या सुईसारख्या अवयवानें पिकत आलेल्या फळाची साल भेदून आंत अंडीं घालते. एकदोन दिवसांत अळ्या बाहेर येतात व गर खात वाढतात. फळ आंतून सडतें आणि गळून पडतें. वाढ पुरी झालेली अळी फळांतून बाहेर पडून जमिनींत शिरते, तेथें कोष करते व कांहीं दिवसांनीं त्यांतून माशी निघते. आमच्या अंगणांत पेरूचें एक झाड आहे. भाद्रपदांत त्याखालीं पडलेले दोन पेरू आम्हीं रेतीच्या थरावर कांचेच्या बरणींत ठेवून तोंडाला फडकें बांधलें. चारपांच दिवसांत पांढऱ्या अळ्या बाहेर आल्या; त्यांतील कांहीं अंग वांकवून चक्क उड्या मारीत होत्या. मग त्या रेतींत गेल्या. पुढें नवव्या दिवशीं फडक्याच्या आंतल्या बाजूस माशा बसलेल्या दिसल्या. अळी आणि माशी हीं एकाच जिवाचीं दोन रूपें आहेत, हें अशा रीतीनें डोळ्यांनीं पाहिलें. आमच्या प्रश्नाचें मर्म या संबंधांतच आहे.

आतां ग्रंथ पाहूं. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. थंडी, वारा व ऊन यांमुळें झाडास रोग होतो, असें सांगून पानें पिवळी पडणें, पालवी न वाढणें, फांद्या वाळणें व रस गळणें हीं लक्षणें तो देतो. त्यावर रोगट भाग शस्त्रानें काढून वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा, मग दूधपाणी शिंपावें, असा उपाय आहे. फळें नष्ट होत असल्यास कुळीथ, उडीद, मूग, तीळ व यव यांसह उकळून थंड केलेलें दूध घालावें, असेंही तो सांगतो. परंतु फळांतील अळीचा तेथें निर्देश नाहीं. इ. स. १३६३ मध्यें रचलेल्या शार्ङ्गधरपद्धतींतील 'उपवनविनोद' हें प्रकरण गिरिजाप्रसन्न मजुमदार यांनीं १९३५ सालीं कलकत्त्यास संपादून प्रसिद्ध केलें, तें अभ्यासकांच्या परिचयाचें आहेच. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदाची पोथी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत होती. तिची प्रत डॉ. य. ल. नेने यांनीं १९९४ सालीं मिळविली व डॉ. नलिनी साधले यांचें भाषांतर १९९६ त सिकंदराबादेहून निघालें. सुरपाल वातादि दोषांनीं होणारे रोग आभ्यंतर व कृमि, थंडी इत्यादींनीं होणारे रोग बाह्य मानतो. कृमींवर पांढरी मोहरी, हिंग, वावडिंग, वेखंड, बिब्बा इत्यादींचा धूर तो सुचवितो. पानांवरील किड्यांवर राख व विटकरीची पूड टाकावयास सांगतो. कृमि त्यास ठाऊक होता, यांत शंका नाहीं. परंतु माशी फळांत अंडीं घालते व त्या अळीची पुन्हां माशी होते, असें विधान या ग्रंथांत आम्हांस आढळलें नाहीं.

हें न आढळण्यास कारणही आहे. अमरसिंहानें सिंहादिवर्गांत निळ्या माशीस वर्वणा, मधमाशीस सरघा व रानमाशीस दंश अशीं नांवें दिलीं आहेत. फळांतील माशीस वेगळें नांव नाहीं. याहून महत्त्वाचा पुरावा मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायांत आहे. तेथें डांस, उवा, ढेकूण यांबरोबर माशीही स्वेदज, म्हणजे उष्म्यापासून उपजणारी, म्हणून सांगितली आहे. ऐतरेयोपनिषदांत स्वेदज हा चार वर्गांपैकीं एक आहे. छांदोग्यांत मात्र बीजें तीनच सांगितलीं असून त्यांत स्वेदज नाहीं. म्हणजे हा प्रश्न परंपरेंतही एकमुखानें सुटलेला नव्हता. ज्यांस माशी उष्म्यांतून उपजते असें वाटे, ते फळांतील अळीचा कर्ता माशींत कां शोधतील? यांत पूर्वजांस कमीपणा नाहीं. युरोपांतही अरिस्तातलापासून तीच समजूत रूढ होती. मांसावर कापड झांकलें असतां त्यांत अळ्या पडत नाहींत, हें इटलींतील फ्रान्चेस्को रेदी यानें १६६८ सालीं, म्हणजे शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकापूर्वी अवघीं सहा वर्षें, दाखवून दिलें.

पुढील इतिहास पोथ्यांच्या अभ्यासकांस विशेष रुचेल. लिनियसचा शिष्य फाब्रिसियस यानें १७९४ त या माशीस एक लॅटिन नांव दिलें. पण तें नांव दुसऱ्या एका माशीस आधींच दिलेलें निघाल्यामुळें टिकलें नाहीं. १९१२ सालीं हेंडेल यानें फोर्मोसा बेटावरील नमुन्यांवरून 'दोर्सालिस' हें नांव ठेविलें, तेंच आज चालतें. मध्यंतरीं पपईवरील एक, फिलिपाइन्समधील एक व आफ्रिकेंत पसरलेली एक, अशा वेगळ्या जाती मानल्या गेल्या होत्या; २०१५ सालीं त्या सर्व 'दोर्सालिस'च ठरल्या. एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रतींस निरनिराळे ग्रंथ समजावें आणि पाठ जुळवितां मूळ एकच निघावें, तसा हा प्रकार झाला.

याच १९१२ सालीं, शके १८३४ त, बिहारांतील पुसा येथील कृषिसंस्थेंतले कीटकशास्त्रज्ञ हौलेट यांनीं सिट्रोनेला गवताच्या तेलाकडे फळमाशा ओढल्या जातात, व त्या सर्व नर असतात, असें प्रसिद्ध केलें. पुढें १९१५ त त्या तेलांतील मिथिल युजेनॉल हें द्रव्य त्यांनीं ओळखलें. आज बागांत टांगलेल्या सापळ्यांत हेंच असतें. नर मारले गेले म्हणजे माद्यांस जोडीदार मिळत नाहीं, हें त्यांतील तत्त्व. १९६० नंतरच्या दशकांत पॅसिफिकमधील रोटा बेटावरून ही माशी याच उपायानें निःशेष करण्यांत आली. मिथिल युजेनॉल कृष्णतुळशींतही असतें. यावरून स्नेह्यांनीं असें अनुमान काढिलें होतें कीं, तुळशीवृंदावनाचा मूळ हेतु फळमाशी पकडण्याचा होता. अशा अनुमानास आम्ही संमति देऊं शकत नाहीं. द्रव्य तेंच असलें म्हणजे हेतुही तोच होता असें होत नाहीं. हेतूस शब्दाचा पुरावा लागतो.

नाशिक जिल्ह्यापुरतें पाहिलें तर हा विषय केवळ पोथींतला नव्हे. बागलाण प्रांत १६३८ त मोगलांनीं घेतला. त्याच बागलाणांत, मालेगांव-देवळ्याकडे आज डाळिंबांच्या बागा आहेत. तेथें कीड म्हटली म्हणजे ती फळमाशीच असते असेंही नाहीं. डाळिंब पोखरणारी 'सुरसा' ही एका फुलपांखराची अळी आहे, आणि रात्रीं येऊन फळांतील रस शोषणारा पतंग तिसराच. 'कृमि' या एका शब्दांत तिघेही मावतात, म्हणूनच त्याचा अर्थ लावतांना जपलें पाहिजे. जिल्ह्यांतील लासलगांव कांद्याच्या बाजाराकरितां प्रसिद्ध आहे. तेथें भाभा अणुसंशोधन केंद्रानें २००२ सालीं 'कृषक' हें विकिरणकेंद्र कांदा टिकविण्यासाठीं उभारलें. २००७ च्या एप्रिलांत अमेरिकेनें भारतीय आंब्यास दीर्घ काळानंतर दार उघडलें, तेव्हां कोंकणचा हापूस सह्याद्रि चढून याच गांवीं आला. कोबाल्टच्या किरणांची ४०० ग्रे मात्रा त्यास दिली जाते. तिनें फळमाशी, कोयींतील भुंगा इत्यादींची पुढील वाढ खुंटते. उलट १ मे २०१४ पासून युरोपीय संघानें हापुसासह भारतीय आंबा बंद केला, त्याचें कारण पेट्यांत सांपडलेली फळमाशीच होय. बंदी २०१५ च्या आरंभीं उठली.

आमच्या स्नेह्यांच्या पुतण्याची दिंडोरीकडे आमराई आहे. काकांच्या टिपणावर भरंवसून त्यानें एक हंगाम वावडिंग व वेखंड यांचा धूर केला आणि गळलेलीं फळें झाडांखालीं तशींच राहूं दिलीं. अळ्या जमिनींत गेल्या; पुढील आंबा निम्म्याहून अधिक किडका निघाला. गळलेलें फळ रोजच्यारोज वेंचून नाहींसें करणें, झाडांखालची माती हालवून कोष उघडे पाडणें, फळांस पिशव्या बांधणें व सापळे लावणें, असा उपायांचा क्रम आहे. तो कोषावस्थेच्या ज्ञानावर उभा आहे, आणि तें ज्ञान धूपाच्या श्लोकांत नाहीं. पुतण्याची ही हकीकत स्नेह्यांनींच आम्हांस सांगितली, व टिपणांतील तें वाक्य स्वहस्तें खोडलें. त्यांच्याविषयींचा आमचा आदर त्यामुळें वाढला.

संग्राहकांस आमची एवढीच विनंति कीं, घरोघरच्या दप्तरांत बागाइतीचे हिशेब, फळांच्या डाल्यांबरोबर गेलेलीं पत्रें, किडकीं म्हणून परत आलेल्या आंब्यांच्या नोंदी असतील, तर त्या रद्दींत जाऊं देऊं नयेत. पूर्वजांनीं फळमाशीस काय म्हटलें व तिच्याशीं कसा व्यवहार केला, हें कळलें तर तेथूनच कळेल. मूळांत नाहीं तें लिहावयाचें नाहीं, ही मल्लिनाथाची प्रतिज्ञा टीकाकारापुरतीच नसून आपणां सर्वांची आहे. मूळांत जें नाहीं तें घालण्यापेक्षां, जें आहे तें वांचविणें हीच पूर्वजांची खरी सेवा होय.