लिचफील्डचे उघडे दरवाजे

इंग्लंडच्या मध्यभागी, बर्मिंगहॅमच्या उत्तरेस सुमारे 25 किलोमीटरांवर, लिचफील्ड हे गाव आहे. वस्ती तीस-पस्तीस हजारांची, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. पण तेथे कॅथीड्रल आहे, म्हणून ते शहर. सप्टेंबर महिन्यात, शनिवार-रविवार साधून, या गावचे लोक आपल्या जुन्या इमारतींचा उत्सव करतात. एरवी बंद असणारे दरवाजे त्या दिवसांत उघडतात, नगरसभागृहामागच्या जुन्या तुरुंगाच्या कोठड्याही पाहावयास मिळतात. जुन्या वास्तू वर्षातून एकदा लोकांना खुल्या करण्याची ही प्रथा फ्रान्सने 1984 साली पाडली, आणि 1994 पासून ती इंग्लंडात रुजली. लिचफील्डकरांनी तिची सांगड आपल्या गावच्या एका जन्मदिवसाशी घातली आहे, आणि आम्हांला त्यांचे कौतुक वाटते ते येथे.

हा जन्मदिवस डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांचा. इंग्रजी भाषेचा प्रसिद्ध कोश 1755 साली प्रसिद्ध करणारे तेच हे. त्यांचा जन्म 1709 साली, बाजारचौकाच्या कोपऱ्यावरील घरात झाला. तळमजल्यावर वडिलांचे पुस्तकांचे दुकान होते. वडील मायकेल जॉन्सन त्या वर्षी गावचे शेरीफ होते. शेरीफाने घोड्यावर बसून गावाची शीव फिरावी, असा 1553 च्या सनदेपासूनचा रिवाज आहे. मुलगा झाला आणि दुसऱ्याच दिवशी ही स्वारी निघावयाची होती. मेजवानीला कोणाकोणाला बोलवायचे, असे पत्नीने विचारले, तेव्हा त्या आनंदित बापाने सगळ्या गावालाच आमंत्रण देऊन टाकले! पुढे 1752 साली इंग्रजांनी पंचांग सुधारले, 7 सप्टेंबरचा वाढदिवस 18 तारखेला गेला आणि स्वारी मात्र 8 तारखेच्या आसपासच राहिली. एका दिवसाच्या अंतराने आलेल्या दोन गोष्टींत आज दहा-अकरा दिवसांचे अंतर पडले आहे.

उत्सवात नगराध्यक्ष चौकातील जॉन्सनच्या पुतळ्याला हार वाहतात, आणि कॅथीड्रलची गाणारी मुले जन्मघराच्या पायऱ्यांवर उभी राहून गातात. दिसायला हे सारे गोड आहे. अशा उत्सवांविषयी आम्हांला एक शंका मात्र नेहमी येते. गाव आपला इतिहास दाखवू लागले म्हणजे नेमके काय दाखवते? आपल्याकडील वाड्यांतून पाहुण्याला तलवारी दाखवतात, बैठक दाखवतात. कर्जाची कागदपत्रे कोणी दाखवीत नाही.

या कसोटीला लिचफील्ड बऱ्याच अंशी उतरते. ज्या चौकात हार वाहतात त्याच चौकात 11 एप्रिल 1612 रोजी एडवर्ड वाइटमन याला पाखंडी ठरवून जिवंत जाळले. धर्ममतासाठी इंग्लंडात जाळला गेलेला तो शेवटचा मनुष्य. तेथील जुन्या सेंट मेरी चर्चच्या भिंतीवर त्याच्या नावाची पाटी आहे. त्या चर्चमध्ये 2018 पासून गावचे वाचनालय भरते. ज्या मनुष्याला मतासाठी जाळले, त्याच्या नावाशेजारून लोक पुस्तके घ्यायला जातात.

कॅथीड्रलचीही कथा अशीच. तीन मनोरे असलेले मध्ययुगीन कॅथीड्रल इंग्लंडात हे एकच. त्याचा मधला मनोरा 1646 साली कोसळला. आणि तो पाडणारे कोणी परके नव्हते. राजा आणि पार्लमेंट यांच्या यादवीत तीन वेळा या देवालयाला वेढा पडला, इंग्रजांच्याच तोफांनी ते फोडले. यादवी संपून राजपद परत आल्यावर बिशप जॉन हॅकेट आले. आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी राडारोडा उपसायला आपल्या गाडीचे घोडे जुंपले, असे सांगतात. 24 डिसेंबर 1669 रोजी देवालय पुन्हा पावन झाले. पुढच्याच वर्षी हॅकेट वारले.

आणि खुद्द पुतळा! तो 1838 सालचा. त्याच्या बैठकीवरील एका शिल्पपटात जॉन्सन बोडक्या डोक्याने उभे आहेत. तरुणपणी वडिलांनी त्यांना अटॉक्सेटरच्या बाजारात पुस्तकांच्या दुकानावर बसायला सांगितले होते. मुलाने तोऱ्यात नकार दिला. पुढे नामांकित झालेले जॉन्सन म्हातारपणी त्याच बाजारात गेले आणि पावसात, टोपी काढून, त्या जागी प्रायश्चित्त म्हणून उभे राहिले. मोठ्या माणसाचा पुतळा उभारताना त्याचा पश्चात्ताप त्यावर कोरावा, ही सूचना ज्याला सुचली त्याला आम्ही मनोमन नमस्कार करतो.

जन्मघर 1900 साली जॉन गिल्बर्ट नावाच्या नागरिकाने विकत घेऊन गावाला दिले. आपल्या मराठी वाचकाला त्या घराशी आणखी एक नाते आहे. जॉन्सन लंडनला गेल्यावरही त्यांची आई तेथेच राहिली, दुकान सांभाळीत होती. 1759 च्या जानेवारीत ती वारली. तिच्या उत्तरक्रियेचा खर्च भागावा म्हणून जॉन्सननी एका आठवड्याच्या संध्याकाळींत ‘रासेलस’ लिहून काढले. हेच पुस्तक कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणावयास घेतले, ते अपुरे राहिले, आणि विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले. वडिलांचे अर्धे काम मुलाने उचलले. याच विष्णुशास्त्र्यांनी पुढे ‘निबंधमाले’त जॉन्सनचे विस्तृत चरित्र लिहिले. लिचफील्डच्या त्या घरात तळमजल्यावर आजही पुस्तके विकतात.