मोट आणि कायदा

मोटेच्या काळी विहिरीच्या आधी बैल थकत. दिवसभराच्या उपशाने खाली गेलेले पाणी रात्रीच्या पाझराने पुष्कळसे वर येई. आपल्या दख्खनचा काळा पाषाण पाणी धरतो तो फटींत आणि मुरमाड थरांत. त्याची कोठी मुळातच लहान.

१८८२ चा ‘ईझमेंट’चा कायदा १८९१ मध्ये मुंबई इलाख्यास लागू झाला, तो या बैलांच्या जगात. आपल्या जमिनीखालचे, निश्चित प्रवाहाने न वाहणारे पाणी मालकाने हवे तितके घ्यावे, हे त्याने मान्य केले. ‘हवे तितके’ म्हणजे तेव्हा बैलांना झेपेल तितके! पुढे तेलाचे इंजिन आले, विजेचा पंप आला, १९७२ च्या दुष्काळापासून विंधनविहिरींची यंत्रे गावोगाव फिरू लागली. बैल गेला, हक्क राहिला. शेजाऱ्याची विहीर आटली तरी त्याने दाद कोठे मागावी?

१९९३ च्या कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरांच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास मनाई केली. २००९ च्या कायद्याने अधिसूचित क्षेत्रांत शेतीसाठी व कारखान्यांसाठी ६० मीटरांहून खोल जाण्यास बंदी घातली. पण यंत्र संध्याकाळी येते, पहाटे निघून जाते. भोक किती खोल गेले, हे मालकाला आणि यंत्रवाल्यालाच ठाऊक.