जमीन-घर दान देताना: वक्फ, हिबा, वसियत आणि बक्षीसपत्र

"मदरशाला दोन गुंठे दिले," असं आपण सहज म्हणतो. देणाऱ्याची नियत साफ असते. पण तोंडी दिलेल्या जागेच्या सातबारावर त्याच्या पश्चात वारसांची नावं चढतात आणि सदका-ए-जारिया कोर्टात अडकतो. म्हणून दस्त करण्याआधी हे शब्द नीट समजून घ्यावेत.

वक्फ: मालमत्ता कायमची अल्लाहच्या नावे ठेवून तिचं उत्पन्न नेक कामाला लावणं. देणारा तो वाकिफ, कारभार पाहणारा तो मुतवल्ली. मुतवल्ली मालक नसतो. वक्फ जमीन विकायला, बक्षीस द्यायला किंवा गहाण ठेवायला वक्फ कायदा १९९५ मध्ये मनाई आहे. २०२५ च्या दुरुस्तीनंतर नवा वक्फ तोंडी होत नाही, वक्फनामा लागतोच. वक्फ-अलल-औलाद करून मुलींचा वारसाहक्क डावलता येत नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. नोंदणी महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाकडे होते.

हिबा: हयातीत, मोबदला न घेता दिलेली भेट. तीन गोष्टी हव्यात: देणाऱ्याचा इजाब, घेणाऱ्याचा कबूल आणि प्रत्यक्ष ताबा. ताबा दिला नाही तर हिबा अपुरा. शरियतप्रमाणे केलेला हिबा नोंदणीशिवायही वैध ठरतो, असं सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये सांगितलं आहे. पण वाद झाला की पुरावा लागतो, त्यामुळे कागद असलेला बरा. मर्ज-उल-मौतमध्ये, म्हणजे शेवटच्या आजारपणात, केलेल्या हिब्याला वसियतीसारखी एक तृतीयांशाची मर्यादा लागते.

वसियत: मृत्यूनंतर अमलात येते आणि हयातीत केव्हाही बदलता येते. कर्ज आणि दफनाचा खर्च वजा करून उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच करता येते. जास्तीसाठी वारसांची संमती हवी. सगळं घर मशिदीला लिहून ठेवलं तरी वारस राजी नसतील तर तेवढाच हिस्सा मिळतो.

बक्षीसपत्र: नोंदणीकृत ट्रस्टला जागा देताना बहुधा हा दस्त होतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ प्रमाणे त्यावर दोन साक्षीदार लागतात आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला-मुलीला दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. ट्रस्टला देताना ही सवलत धरून चालू नये, आकडा आधी काढून घ्यावा. अशी जागा पुढं विकायची तर ट्रस्टला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते.

८०जी: या सवलतीबद्दल बराच गैरसमज आहे. ती फक्त पैशाच्या दानाला मिळते. जमीन, घर किंवा वस्तू दिली तर मिळत नाही. रोख दान २,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तरीही नाही. नवी करप्रणाली घेतलेल्यांना ती नाही, आणि एकाच धर्माच्या लोकांसाठी चालणाऱ्या संस्थेलाही सहसा ही मान्यता नसते. "जागा द्या, टॅक्स वाचेल" असं कुणी सांगितलं तर आधी सीएला विचारा. मात्र खरी भेट दिल्यावर देणाऱ्याला त्या जागेवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही.

दस्त करण्याआधी पाहा:
१. जागा पूर्ण तुमच्या नावावर आहे का? बहिणीचा हिस्सा त्यात असेल तर तो तिचाच. दुसऱ्याच्या हक्काचं दान करता येत नाही.
२. घेणारी संस्था नोंदणीकृत आहे का, आणि दस्त संस्थेच्या नावे होतोय की एखाद्या व्यक्तीच्या?
३. वापर कशासाठी, हे दस्तात लिहिलंय का?
४. दस्तानंतर फेरफार झाला का? सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर नाव चढेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

मसला आलिमांना विचारा, कागद वकिलाला दाखवा. आणि घरच्यांना हयातीतच विश्वासात घ्या.